सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड परत परत येतेय? चेन उघडायच्या आधी ऑईल फिल्टर बघा

गाडी २०१२ ची स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. सेकंडहँड घेतली तेव्हा ७८ हजार किलोमीटर झालेले, वर्षभराने स्टेज वन रीमॅप केला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली, बाकी इंजिन जसंच्या तसं, टर्बोसुद्धा कंपनीचाच के०३. प्रॉब्लेम असा की रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केली की ड्रायव्हरच्या बाजूने, म्हणजे जिकडे टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) आहे तिकडून, दोन-तीन सेकंद खडखड यायची, पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यावर येतो तसा आवाज, आणि मग एकदम बंद. त्यानंतर दिवसभर इंजिन लोण्यासारखं. चेक इंजिन लाईट नाही, ऑईलची लाल लाईट वेळेत जाते, पिकअपला काही कमी नाही.

डोकं खाल्लं ते याने की हा आवाज कायमचा नव्हता. सर्व्हिसिंग झालं की कधी जायचा, चार-पाच महिने पत्ता नाही, मग पुढच्या सर्व्हिसिंगनंतर दीड-दोन महिन्यांनी परत हजर. कायम असता तर मी पण सरळ चेनचं काम काढलं असतं. दोन ठिकाणी दाखवली, दोन्हीकडे ऐकल्या ऐकल्या सांगितलं की चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर गेला, खर्च पाऊण लाखाच्या आसपास. तसं सांगणारे अगदीच चूक नव्हते, या इंजिनच्या सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये टेन्शनरचा त्रास जगभर झालाय आणि पुढे टेन्शनरचं डिझाईन बदललंही गेलं, त्यामुळे खडखड ऐकली की मेकॅनिकच्या तोंडात पहिला शब्द तोच येतो.

त्याआधी मी स्वतः जे केलं ते सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्यांदा ऑईल जाड केलं, ५डब्ल्यू-४० काढून १०डब्ल्यू-६० टाकलं, कुणीतरी म्हणालं रीमॅप केलेल्या गाडीला जाड ऑईल पाहिजे. खडखड उलट वाढली, कारण थंड असताना जाड ऑईल वर पोचायलाच वेळ लागतो. साधं ५डब्ल्यू-४० जरी धरलं तरी १०० डिग्रीला त्याची व्हिस्कॉसिटी म्हणजे घट्टपणा साधारण १४ सेंटिस्टोक असतो, ४० डिग्रीला ८५ च्या आसपास, आणि डिसेंबरात पुण्यात सकाळी १० डिग्रीला तेच ऑईल याच्याही कितीतरी पट घट्ट झालेलं असतं. मग फ्लश मारला, मग ॲडिटिव्हची बाटली टाकली. कशानेच काही झालं नाही.

उलगडा झाला तो वहीमुळे. मला गाडीचं सगळं लिहून ठेवायची सवय आहे, तारीख, किलोमीटर, कुठलं ऑईल, कुठला फिल्टर, किती पैसे. एका रविवारी ती वही आणि खडखडीच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. ज्या दोन सर्व्हिसिंगला ओरिजिनल फिल्टर पडला होता त्यानंतर आवाज नाही. ज्या दोन सर्व्हिसिंगला बाहेरचा, बॉक्सवर मोठ्या अक्षरात परफॉर्मन्स लिहिलेला फिल्टर पडला होता, त्या दोन्ही वेळेला दीड-दोन महिन्यांत आवाज. ऑईल चारही वेळेला एकाच ग्रेडचं, १०डब्ल्यू-६० चा प्रयोग त्याच्यानंतरचा आणि तेव्हाही फिल्टर तोच बाहेरचा होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तो माल खरा होता की डुप्लिकेट हे मला सिद्ध करता येणार नाही.

मग एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. ऑईल तेच ठेवलं, फक्त फिल्टर काढून ओरिजिनल लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पार्किंगमध्ये गेलो, बायकोला स्टार्ट मारायला बसवलं आणि मी बॉनेट उघडून कान लावून उभा. एकदाच टक झालं आणि इंजिन शांत. तिसऱ्या दिवशी तेच, महिन्यानेही तेच. आज या गोष्टीला अडीच वर्षं झाली, चेन अजून तीच आहे.

आता असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण हे कळलं की कुठल्याही गाडीचा फिल्टर निवडता येतो.

इंजिन बंद झालं की ऑईल खाली चेंबरमध्ये उतरतं, ते उतरणारच. पण फिल्टरच्या आत तोंडाशी एक रबराची पातळ चकती असते, तिला अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह म्हणतात. फिल्टरच्या तोंडावर कडेने जी बारीक भोकं दिसतात त्यातून ऑईल आत येतं तेव्हा ही चकती उघडते, आणि इंजिन बंद झालं की भोकांवर चिकटून बसते म्हणजे फिल्टरमधलं ऑईल आल्या वाटेने परत जात नाही. लॉरा-सुपर्बच्या या १.८ टीएसआयमध्ये फिल्टर इंजिनच्या वरच्या अंगाला उभा बसतो, तोंड खाली. म्हणजे चकती नीट बसली नाही तर ऑईल अडवायला दुसरं काही नाही, उलट्या तांब्यासारखं सगळं रात्रभरात खाली. सकाळी पंप आधी रिकामा डबा भरतो, मग त्याच्या पुढच्या वाटा भरतो आणि मग कुठे चेन टेन्शनरला प्रेशर मिळतं. टेन्शनर ऑईलच्या प्रेशरवर चालतो, प्रेशर येईपर्यंत चेन सैल, आणि खडखड त्या सैल चेनची. त्याच दोन-तीन सेकंदांत टर्बोचा शाफ्टसुद्धा जवळजवळ कोरडा फिरत असतो, त्याला आवाज नाही म्हणून आपल्याला कळत नाही एवढंच.

प्रेशरचं मी मोजूनही बघितलं. ऑईल प्रेशर स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावला आणि दोन्ही फिल्टर एकेक रात्र ठेवून सकाळी स्टार्ट मारला. बाहेरच्या फिल्टरवर काटा तीन सेकंद शून्याला चिकटून होता आणि मग उडी मारून वर गेला. ओरिजिनलवर किल्ली फिरवली आणि सेकंदभरात काटा वर. हे डोळ्यांनी बघितल्यावर माझी खात्री पटली.

जुना फिल्टर कापला तो पण सांगायलाच पाहिजे. हॅक्सॉने कापू नका, लोखंडाचा भुसा आत पडतो आणि मग इंजिनमधून आलेलं काय आणि करवतीने पडलेलं काय हे कळत नाही. भोसरीत ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो, त्याने चकमध्ये धरून तोंडाजवळची कड उतरवून दिली. आतली चकती काळ्या नायट्राईल रबराची होती आणि बोटाने दाबली तर भाजलेल्या पापडासारखी कडक, एका बाजूला कडेला वर उचललेली. तीन हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. शेजारी ओरिजिनल कापून ठेवला, आठ हजार चाललेला, त्याची चकती अजून मऊ, बोटाने दाबली की परत जागेवर. नायट्राईल उष्णतेने कडक होतं आणि टर्बो गाडीत उष्णता भरपूर, रीमॅप केलेल्यात त्याहून जास्त. म्हणूनच नवा फिल्टर महिना-दीड महिना बरा चालतो आणि मग आवाज सुरू होतो. सिलिकॉनची चकती असेल तर ती जास्त टिकते, बऱ्याचदा केशरी किंवा लाल रंगाची असते, पण नुसत्या रंगावर जाऊ नका. दुकानात उभं राहून करता येईल अशी तपासणी म्हणजे स्वच्छ आगकाडीने बारीक भोकातून चकती हळूच दाबायची, लगेच उसळी मारून परत बसली पाहिजे आणि सगळ्या भोकांमागे सारखी टेकलेली दिसली पाहिजे.

दुसरा व्हॉल्व्ह बायपासचा. फिल्टर चोंदला किंवा ऑईल फार घट्ट असलं की इंजिन उपाशी राहू नये म्हणून हा उघडतो आणि ऑईल न गाळता सरळ पुढे सोडतो. काही गाड्यांत तो इंजिनमध्ये असतो, काहींत फिल्टरमध्ये. हा किती प्रेशरला उघडतो याचा आकडा गाडीगणिक वेगळा असतो आणि परफॉर्मन्स गाडीत इथेच गफलत होते. माझा आतेभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याच्याकडे सुबारू डब्ल्यूआरएक्स आहे. सुबारूच्या फिल्टरचा बायपास २३ पीएसआय म्हणजे जवळपास १.६ बारला उघडतो, आणि तिथल्या दुकानात त्याच आट्यांचे जे बाहेरचे फिल्टर मिळतात त्यातले बरेच ८ ते १६ पीएसआयमध्येच उघडतात. बसतो अगदी फिट, गळत नाही, आवाज नाही, पण थंडीत गाडी चालू करून ॲक्सिलरेटर दाबला की बरंचसं ऑईल न गाळताच पुढे जातं. त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने घरातले तीन नवे फिल्टर परत केले.

आट्यांवरून आठवलं. बसतो म्हणजे चालतो असं अजिबात समजू नका. फिल्टरच्या आट्यांचे दोन साईझ सगळीकडे दिसतात, पाऊण इंच, इंचाला १६ आटे, आणि एम२० बाय १.५, म्हणजे २० मिलिमीटर जाडी आणि दोन आट्यांतलं अंतर (पिच) १.५ मिलिमीटर. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि १६ आटे म्हणजे पिच १.५९ च्या आसपास, म्हणजे दोन्ही डोळ्याला सारखेच. एम२० चा फिल्टर पाऊण इंची स्टडवर चढतो, थोडा घट्टही होतो, आणि प्रेशर आल्यावर आटे सोडून निसटू शकतो. एक्सप्रेसवेवर १२० ला असताना असं झालं तर काही सेकंदांत ऑईल रस्त्यावर आणि इंजिन संपलं. म्हणून हाताला फिल्टर सैल डुगडुगतोय असं जरा जरी वाटलं तर काढा आणि पार्ट नंबर बघा.

आता मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मला सगळ्यात जास्त याच्यावरच विचारतात, किती मायक्रॉनचा घेऊ? नुसता मायक्रॉन सांगून काही कळत नाही. एकाच फिल्टरवर २० मायक्रॉन लिहिता येतं, मग तो २० मायक्रॉनचे निम्मे कण अडवत असो की शंभरातले नव्व्याण्णव. विचारायचं असं की २० मायक्रॉनला किती टक्के, आणि ते आयएसओ ४५४८-१२ या टेस्टप्रमाणे का. काही कंपन्या बीटा रेशो देतात, त्याचा अर्थ सोपा आहे, आत गेलेले कण भागिले बाहेर आलेले कण. बीटा २ म्हणजे निम्मे अडले, बीटा २० म्हणजे ९५ टक्के, बीटा ७५ म्हणजे ९८.७ टक्के. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यामानाने बेअरिंगमधली ऑईलची फिल्म काही मायक्रॉनचीच, म्हणजे डोळ्याला न दिसणारी कचच बेअरिंग खाते. १९८८ साली जनरल मोटर्सच्या इंजिनिअर लोकांनी हे तपासलं होतं, ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनचा लावला तर झीज ५० टक्के कमी आणि १५ मायक्रॉनचा लावला तर ७० टक्के कमी.

हे वाचून लगेच सगळ्यात बारीक गाळणारा शोधायला निघू नका. बारीक गाळणी म्हणजे वाट अवघड, त्यामुळे कागदाचं क्षेत्रफळ जास्त पाहिजे, घड्या जास्त आणि सारख्या पाहिजेत. कापलेल्या दोन्ही फिल्टरचे कागद मी जमिनीवर उलगडून शेजारी ठेवले होते, बाहेरच्याचा कागद लांबीला ओरिजिनलच्या जेमतेम दोन तृतीयांश भरला, घड्या एका बाजूला दाटलेल्या आणि दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढ्या फाकलेल्या. सिंथेटिक किंवा काचतंतूचा मीडिया (गाळायचा थर) असेल तर बारीक गाळूनही प्रवाह चांगला राहतो, परवडत असेल तर तोच घ्यावा.

ते स्टीलच्या जाळीचे धुऊन परत वापरायचे रेसिंग फिल्टर असतात ना, ते रोजच्या गाडीत लावू नका असं मी कळकळीने सांगतो. दिसायला सुंदर, प्रवाह मस्त, पण जाळी साधारण ३० ते ४० मायक्रॉनची असते आणि तो बनवलाच आहे रेस संपली की उघडून जाळीवर काय अडकलंय ते बघायला. तिथे ऑईलसुद्धा रेस-दोन रेसमध्ये बदलतात. आपण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सात हजार किलोमीटर एकाच ऑईलवर काढतो, आपली गरज वेगळी आहे.

तर या इंजिनला मी काय लावतो? ओरिजिनलचा नंबर ०६जे ११५ ४०३ क्यू, आधी याच नंबरच्या शेवटी सी आणि जे असायचं, क्यू नंतरचा आहे. ओरिजिनल मिळाला नाही तर मान (Mann) कंपनीचा डब्ल्यू ७१९/४५. रीमॅपनंतरही हेच. नाना पेठेत दोन्ही मिळतात पण बिल घेऊनच घ्या, आणि ओळखीच्या दुकानातून घ्या, डुप्लिकेट माल फार आहे. खोक्याची छपाई अंधुक, रबरी गॅस्केट कोरडं किंवा खोबणीतून बाहेर आलेलं, आतल्या आट्यांवर पत्र्याचा कीस असं काही दिसलं तर तिथेच परत द्या. मला बाहेरच्या आणि ओरिजिनलमध्ये पडलेला फरक पाच-सहाशे रुपयांचा होता.

ज्यांच्याकडे २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे त्यांच्या तिसऱ्या पिढीच्या २.० इंजिनला असा पत्र्याचा फिल्टर नाही, प्लॅस्टिकच्या टोपीखाली नुसता एलिमेंट बसतो. तिथे बघायचं ते टोपीचा ओ-रिंग प्रत्येक वेळी नवा टाकला का आणि टोपी २५ न्यूटन मीटरलाच घट्ट केली का. पान्याने जोर लावून आवळली की टोपी तडकते.

बसवताना काय काय बघायचं. या १.८ ला फिल्टर आधी दोन-तीन आटे सैल करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, ऑईल आपोआप खाली उतरतं, नाहीतर सगळं बेल्टवर सांडतं. जुनं गॅस्केट बैठकीवरच चिकटून राहिलं नाही ना हे बोट फिरवून बघायचं, दोन गॅस्केट एकावर एक बसले की तिथून ऑईल फवाऱ्यासारखं जातं, हे मी एका मित्राच्या गाडीत डोळ्यादेखत बघितलंय. नव्या गॅस्केटला बोटाने ऑईल लावायचं आणि २२ न्यूटन मीटर. ऑईल ४.६ लिटर, फोक्सवॅगनच्या ५०२ ०० स्पेसिफिकेशनचं. फिल्टर उलटा बसत असल्यामुळे आधी भरून ठेवता येत नाही, म्हणून मी गाडीच्या फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर पाच-पाच सेकंद दोन-तीनदा मारतो, मग फ्यूज लावून गाडी चालू करतो. कंपनीचा इंटरव्हल १५ हजारांचा आहे, रीमॅप असेल आणि गाडी शहरात चालत असेल तर मी ७,५०० च्या पुढे जात नाही, डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत छोट्या छोट्या फेऱ्यांनी पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ होतं.

आता तुमचा आवाज फिल्टरचाच आहे का हे कसं ओळखायचं. गाडी अर्धा तास उभी ठेवून चालू करा, मग तीन तास, मग रात्रभर, आणि प्रत्येक वेळचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. माझ्याकडे अर्ध्या तासाला काही नाही, तीन तासांना किंचित आणि रात्रीनंतर पूर्ण तीन सेकंद असं होतं. ऑईल निथळायला जसा वेळ मिळतो तसा आवाज वाढतो म्हणजे संशय फिल्टरवर घ्यायचा आणि फक्त फिल्टर बदलायचा, त्या दिवशी दुसरं काहीही बदलायचं नाही. कमकुवत टेन्शनरसुद्धा रात्रीनंतरच जास्त वाजतो, त्यामुळे या रेकॉर्डिंगवरून निकाल लागत नाही, निकाल लागतो तो फिल्टर बदलल्यावरच.

चांगला फिल्टर टाकूनही आठवडाभर आवाज तसाच राहिला तर मात्र चेनकडे जा आणि दिरंगाई करू नका. स्कॅनर लावून कॅमशाफ्टची फेज व्हॅल्यू, म्हणजे तो जागेवरून किती सरकलाय ते, बघायला सांगा, चेन लांबली असेल तर ही व्हॅल्यू सरकलेली दिसते. खालच्या टायमिंग कव्हरला एक छोटं बूच असतं, ते काढलं की टेन्शनरचा दट्ट्या किती बाहेर आलाय हे त्याच्यावरच्या दात्यांवरून मोजता येतं, पूर्ण इंजिन उघडावं लागत नाही, हे तपासल्याशिवाय कुणी चेनचं काम सांगत असेल तर आधी हे बघा म्हणून सांगा. आणि आवाज चार-पाच सेकंदांच्या पुढे चालला किंवा ऑईलची लाल लाईट रेंगाळली तर गाडी लगेच बंद करायची आणि टो करूनच न्यायची. हे इंजिन असं आहे की चेनने दात सोडला तर पिस्टन व्हॉल्व्हला लागतो, मग खर्च पाऊण लाखात भागत नाही. खडखड चालू असताना ॲक्सिलरेटर तर अजिबात दाबू नका, काही जण आवाज घालवायला रेस देतात, चेन सैल असतानाच तिच्यावर झटका बसतो.

गाडीचं मॉडेल, किलोमीटर, आत्ता बसवलेल्या फिल्टरचा नंबर आणि ते तीन वेळचं रेकॉर्डिंग एवढं कळवलंत तर मी नक्की सांगेन पुढे काय बघायचं ते.